हप्ता क्रेडिट कार्डावर, प्रश्न पीएचडीचा

तुमचे पत्र थोडक्यात असे. वय 38, घरी पत्नी आणि मुलगी. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगीतशास्त्र आणि स्वरज्ञान शिकवता. त्याचे वर्षाला साधारण 1 लाख 60 हजार, शिकवण्यांचे 1 लाख 40 हजार. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) झाली आहे. 4 लाखांचे कर्ज काढून पीएचडी केली तर कायम होईन का?

कर्ज काढू नका. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदाला सेट किंवा राष्ट्रीय स्तरावरची नेट हीच किमान अर्हता आहे, पीएचडी ऐच्छिक. निवडीच्या गुणांत तिला वजन आहे, मान्य. पण आधी पद तर निघायला हवे! संगीताला मंजूर पदे मुळातच मोजकी. 57,700 मूळ वेतनाच्या आशेवर आजच कर्जाचे हप्ते कसे सुरू करता?

मला खरा घोर लागला तो कंसातल्या वाक्याने: ‘पॉलिसीचा हप्ता जूनमध्ये कार्डावरून भरतो, तीन महिन्यांत फेडतो.’

वर्षाला 60 हजार, 20 वर्षे, म्हणजे 12 लाख. हाती येणार 21 लाख. एजंटला हे ‘जवळजवळ दुप्पट’ वाटते. हिशेबाने परतावा पडतो जेमतेम 5 टक्के. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी, आजच्या 7.1 टक्क्यांनी तेवढ्याच मुदतीत साडेसव्वीस लाखांपर्यंत जाते. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तर दर जूनला चार-पाच हजार तिकडे जातात. त्या हप्त्यावर पॉलिसी वर्षभरात कमावते तीन हजार. आणि हे ‘कर वाचवायला’ घेतले म्हणता? तीन लाखांच्या उत्पन्नावर तुम्हाला कर लागतच नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही.

एवढे भरून विमा 12 लाखांचा, आरोग्यविमा शून्य. सुट्टीत मानधन नाही आणि नेमका जूनमध्ये हप्ता!

आधी 50 लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) आणि कुटुंबाचा 5 लाखांचा आरोग्यविमा घ्या. दोन्ही मिळून तीस हजारांच्या आसपास बसावेत. ते हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. चार हप्ते गेलेत, 2 लाख 40 हजार. आता सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर निम्म्याच्या आसपास मिळतील. पेड-अप केली तर नवा हप्ता नाही, रक्कम मुदतीअंती. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, एजंटच्या तोंडून नकोत.

सुट्टीतल्या कमाईचे खिंडार बुजवायला विशारद या संगीत परीक्षेच्या लेखी पेपरचे वर्ग घ्या. गाणे उत्तम शिकवणारे पुष्कळ गुरू शास्त्राचा पेपर शिकवायला कंटाळतात. त्यांचे दहा विद्यार्थी, माणशी दीड हजार: महिन्याला पंधरा हजार. मात्र त्यातला पहिला पैसा कार्डाच्या थकबाकीत जाऊ द्या.