वाचकांचे प्रश्न : गुडघेदुखीवर सीबीडीचे थेंब घ्यावेत का?

प्रश्न : माझे मामाजी ६८ वर्षांचे आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांचे गुडघे फार दुखतात. पुण्याच्या दिरांनी सीबीडी तेलाची बाटली पाठवली असून तिच्यावर ‘३० मिली, १००० मिग्रॅ’ असे लिहिले आहे. दहा थेंब जिभेखाली घ्यायला सांगितले आहेत. हे भांगेपासून करतात म्हणे; त्याने नशा येईल का? हृदयाची झडप बदलल्यापासून मामाजींना रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी सुरू आहे.
— एक वाचक भगिनी, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्टच सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या विकरांमुळे यकृतात वॉरफेरिनचा निचरा होतो, त्यांचे काम सीबीडी मंदावते. त्यामुळे गोळी तेवढीच घेतली तरी रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मामाजींना एक थेंबही देऊ नये.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल. भांगेच्या झाडात अशी शंभराहून अधिक संयुगे सापडतात. नशा आणणारे त्यांतले मुख्य संयुग टीएचसी होय. शुद्ध सीबीडीने नशा येत नाही, पण गुंगी, जुलाब, भूक मंदावणे हे त्रास होऊ शकतात. शिवाय लेबलावर विसंबता येत नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जेमतेम २६ उत्पादनांत लेबलावर लिहिल्याएवढे सीबीडी होते आणि काहींत टीएचसीही निघाले.

सीबीडीचा गुण भक्कम पुराव्याने सिद्ध झाला आहे तो मुख्यतः लहानपणी सुरू होणाऱ्या काही दुर्मीळ व हट्टी फेफऱ्यांवर. त्यासाठीचे औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. झोप, चिंता, सांधेदुखी यांविषयी जाहिराती जेवढ्या छातीठोकपणे बोलतात, तेवढा पुरावा त्यांच्यामागे नाही.

आता तुमच्या बाटलीचा हिशोब पाहू. एका मिलीत साधारण वीस थेंब धरले, तर दहा थेंबांत सुमारे १७ मिलिग्रॅम सीबीडी जाईल. व्हिएन्नात गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी आठ आठवडे देऊन पाहिले, तरीही दुखण्यात औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक उतार पडला नाही. एवढी मात्रा द्यायची म्हटली तर तुमची बाटली दोन दिवसही पुरणार नाही! गुडघ्यांसाठी यावर पैसे घालवावेत, असे मला वाटत नाही. मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि उकिडवे बसणे कमी करणे यांनी अधिक आराम पडेल.

आपल्याकडे अशी तेले बहुधा आयुर्वेदिक परवान्यावर ‘विजया’ या नावाने विकली जातात आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक असते. बाटलीवर केवळ ‘हेम्प सीड ऑइल’ असेल, तर ते बियांचे खाद्यतेल समजावे. त्यात सीबीडी नावापुरतेच असते.

प्रश्न : अंबाडीची पाने भांगेसारखी दिसतात. तिच्यात सीबीडी असते का? भांग शेतात लावता येईल का?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा

उत्तर : अंबाडीत सीबीडी नसते. पानांच्या साम्यामुळे तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हा शब्द आला, एवढेच. कुळाने ती कापूस-भेंडीची बहीण आहे. भांगेची लागवड मात्र परवान्याशिवाय करू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. अंबाडीची भाजी खुशाल खा. वरच्या पत्रातल्या मामाजींसारखे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मात्र कुठल्याही पालेभाजीचे ताटातले प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये, कारण तिच्यातले ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करते.