मॅच साडेतीनची, मग सकाळी नऊला का निघायचं?

प्रश्न: माझी भाची ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतेय, ऑक्टोबरमध्ये मी आणि मिस्टर तिच्याकडे कोलंबसला चाललोय. तिने अमेरिकन कॉलेज फुटबॉलची तीन तिकिटं काढलीत. मॅच दुपारी साडेतीनची आणि ही म्हणते मावशी, सकाळी नऊला घर सोडायचं! आम्हाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, एवढा वेळ तिथे करायचं काय? थेट तीनला पोचलो तर चालणार नाही का?

उत्तर: ताई, चालेल, आत सोडतील, पण प्लीज असं करू नका. भाची अगदी बरोबर सांगतेय. खेळ कळत नाही ना, मग तर आधीचे तास चुकवूच नका, कारण त्याची मजा घ्यायला एकही नियम माहीत असावा लागत नाही.

सकाळपासून स्टेडियमच्या आजूबाजूच्या पार्किंगमध्ये लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून, ग्रिल पेटवून, खुर्च्या टाकून बसलेले असतात, याला टेलगेटिंग म्हणतात. त्यात आत्ता शिकणारी मुलं असतात तसे चाळीस वर्षांपूर्वी पास झालेले आजोबापण नातवंडांना घेऊन आलेले असतात. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, खेळ समजावून सांगायला एका पायावर तयार असतात. लाल काहीतरी घाला. आणि रस्त्यात कोणी अनोळखी माणूस "ओ-एच" असं ओरडला तर दचकू नका, तुम्ही लगेच "आय-ओ" म्हणायचं (दोन्ही मिळून ओहायोचं इंग्रजी स्पेलिंग), बस्स, झालात तुम्ही त्यांच्यातले.

आता खरं महत्त्वाचं. मॅचच्या साधारण दोन तास आधी सेंट जॉन अरीना नावाच्या हॉलमध्ये स्कल सेशन असतं, ते फुकट असतं आणि गर्दी प्रचंड होते म्हणून लवकर जाऊन जागा धरा. मुळात ही युनिव्हर्सिटीच्या मार्चिंग बँडची मॅचआधीची शेवटची तालीम, 1930च्या दशकातली प्रथा, लोक ऐकायला यायला लागले आणि वाढत वाढत एवढी मोठी झाली. खेळाडूपण स्टेडियमकडे जाताना इथे थांबतात. या बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम, बासरी-क्लॅरिनेट काही नाही, त्यामुळे बंद हॉलमध्ये तो आवाज छातीत घुमतो अक्षरशः. तिथून बँड स्टेडियमकडे निघतो तेव्हा तुम्हीही मागोमाग चालायला लागा.

आणि सीटवर बसल्यावर मोबाईल खाली ठेवा हो! आधी ड्रमवाले रॅम्पवरून धावत येतात, मग सगळा बँड, मग ड्रम मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, पाठीतून मागे एवढा वाकतो की टोपीचा तुरा जमिनीला टेकतो, आणि एक लाखाच्या वर लोक एकदम ओरडतात. बहुतेक वेळा मॅचच्या आधीच स्क्रिप्ट ओहायो पण होतं, म्हणजे एका जुन्या फ्रेंच लष्करी धूनवर सगळे एकामागोमाग चालत मैदानावर इंग्रजी जोडून लिहिलेल्या अक्षरांत ओहायो लिहितात, 1936 पासून. शेवटी सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती अडकवायचं मोठं पितळी वाद्य, वाजवणारा एक सीनियर ऐटीत जाऊन 'i' या अक्षरावरचा टिंब होतो आणि टोपी काढून दोन्ही बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करतो. त्या एका टिंबासाठी त्या मुलाने चार-चार वर्षं ते जड वाद्य अंगावर वागवलेलं असतं. मला हे सगळ्या मॅचपेक्षा मोठं वाटतं, आणि साडेतीनला पोचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

प्रश्न: मुलगा साउथ कॅरोलायनात क्लेमसनला आहे. तिथेही बँडच बघायचा का?

उत्तर: बँड आहेच, पण तिथे नजर टेकडीवर ठेवा. टीम बसमधून स्टेडियमच्या पूर्व टोकाला उतरते, वर हॉवर्ड्स रॉक नावाचा दगड आहे त्याला हात लावते आणि सगळे उतारावरून धावत मैदानात येतात. तो दगड कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतून कोणीतरी कोच फ्रँक हॉवर्डना आणून दिला होता, ते ऑफिसचं दार उघडं ठेवायला वापरायचे, 1966 मध्ये तो टेकडीवर बसवला. प्रत्येक ठिकाणी वेगळंच काहीतरी असतं, टेनेसीत लोक बोटी घेऊन नदीवरून येतात, टेक्सास ए अँड एममध्ये तर आदल्या रात्री बारा वाजता हजारो माणसं नुसती घोषणांची प्रॅक्टिस करायला स्टेडियममध्ये जमतात! मुलालाच विचारा, मॅचच्या किती आधी सीटवर बसायचं ते. अर्धा तास तरी धराच.

प्रश्न: पर्स नेता येते का?

उत्तर: मोठी नाही. बहुतेक स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवी लागते, सोबत तळहाताएवढी छोटी पर्स चालते. तिकीट फोनवर असतं, म्हणून निघताना चार्जिंग बघा, गेटपाशी लाखभर माणसांत नेटवर्कही रडतं, तेव्हा तिकीट घरीच फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये सेव्ह करून ठेवा.