पोर्तुगालच्या आलेंतेजो प्रांताच्या नावाचा अर्थ काय?

अर्थ अगदी सरळ आहे: ‘आलें’ म्हणजे पलीकडे आणि ‘तेजो’ म्हणजे टॅगस नदी. तेजोपलीकडचा तो आलेंतेजो. पण पलीकडे कुणाच्या? उत्तरेकडच्यांच्या. पोर्तुगालचं राज्य उत्तरेतून दक्षिणेकडे वाढत गेलं, म्हणून दक्षिण तीर पैलतीर ठरला. मला या नावातली हीच गोष्ट फार आवडते.

आल्तो (वरचा) आलेंतेजो उत्तरेला, बाइशो (खालचा) दक्षिणेला. एव्होरा, बेजा, पोर्तालेग्रे ही मुख्य शहरं.

देशाचा जवळपास एक तृतीयांश भूभाग, पण वस्ती विरळ. गहू, ऑलिव्ह आणि बुचाचे ओक. बुचाची साल नऊ वर्षांनी एकदाच काढतात आणि त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात.