पळस्पे फाट्यावर काय पाहायचे

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र, लेखाचा कच्चा खर्डा आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. महामार्गांच्या आरंभ आणि अंताच्या ठिकाणांवर लिहायचे तू ठरवलेस, हे मला मनापासून आवडले. पण पळस्पे फाट्यावर भर दुपारी बराच वेळ काढून तू वहीत एकच ओळ लिहिलीस, ‘येथे काहीही नाही’, आणि तिथून पुढे साऱ्या खर्ड्याचा सूर तक्रारीचा झाला. पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर धावणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ जिथून निघतो, तिथे धूळ, कंटेनरची रांग आणि एसटीची वाट पाहणारी माणसे याखेरीज काही सापडू नये, याचा तुला राग आला आहे. राग येण्यात गैर काही नाही, पण तो नेमका कशाचा आहे हे आधी ठरव. ठिकाणावर खूण नाही याचा, की तिथे रस्त्याची व्यवस्थाच कोलमडते याचा? तुझ्या खर्ड्यात या दोन्ही तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही पटत नाहीत.

अशा ठिकाणी जाण्याआधी त्याची सरकारी व्याख्या वाचून जावे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक महामार्ग साधारण एकाच साच्यात लिहिलेला असतो: अमुक महामार्गाशी होणाऱ्या जंक्शनपासून निघून, अमुक गावे जोडत, तमुक ठिकाणी संपणारा रस्ता. बहुतेक महामार्गांचा जन्म दुसऱ्या महामार्गाच्या कुशीत होतो, हे त्या एका वाक्यावरून कळते, आणि मग तिथे कमान किंवा चौथरा नसल्याचे तितकेसे आश्चर्य वाटत नाही. आपल्या गावाचेच उदाहरण घे. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४, म्हणजे पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत चेन्नईला जाणारा रस्ता, कागदोपत्री ठाण्याजवळ आग्रा रस्त्याच्या, अर्थात तेव्हाच्या क्रमांक ३ च्या, जंक्शनपासून सुरू होत असे. चेन्नईच्या रस्त्याचा पहिला किलोमीटर आपल्या दारात होता, पण कळव्याहून मुंब्र्याच्या रेतीबंदराकडे जाणाऱ्या कुणाही ठाणेकराला मी त्याबद्दल अभिमानाने बोलताना ऐकलेले नाही. २०१० मध्ये देशभरातील महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले, दिल्लीहून मुंबईला येणारा जुना ८ आणि हा ४ मिळून दिल्ली ते चेन्नई असा सलग ४८ क्रमांक झाला, आणि ठाण्याजवळचा तो आरंभबिंदू जागचा एक खडाही न हलता नाहीसा झाला. त्याच फेरबदलात कोकणातून जाणाऱ्या जुन्या १७ चा शेवट कोचीजवळच्या एडप्पळ्ळीहून उठून थेट कन्याकुमारीला गेला. एडप्पळ्ळीच्या चौकात त्या दिवशी कुणाला काही जाणवले असेल, असे मला वाटत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवलीस तर पळस्पे आणि कन्याकुमारी यांची तुलना करताना तुझा तोल जाणार नाही. रस्ता एकच आहे. त्याचे एक टोक निराश करते आणि दुसऱ्या टोकापाशी माणसे मुद्दाम सूर्योदय पाहायला जातात. यात कन्याकुमारीच्या रस्तेबांधणी खात्याचे कौतुक फारसे नाही, कारण तिथे जमीनच संपते. श्रीनगरहून निघालेला ३,७४५ किलोमीटरचा क्रमांक ४४ आणि पनवेलहून निघालेला ६६ तिथे एकमेकांना भेटतात, पुढे तीन समुद्र आहेत, विवेकानंद स्मारकाचा खडक आहे, आणि यापुढे जाता येत नाही हे सांगायला फलक लागत नाही. अटारीला हेच काम सरहद्द करते. तिथल्या फाटकापाशी रोज संध्याकाळी जमणारी गर्दी रस्ता पाहायला आलेली नसते, तरीही तेथून अमृतसर, मनाली करत लेहला जाणाऱ्या आजच्या क्रमांक ३ ला त्या गर्दीमुळे आयता मान मिळतो.

माझ्या मते आपल्या देशातले सर्वांत चांगले टोक धनुष्कोडीचे आहे आणि त्याला तुझ्या लेखात दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी. मदुराईहून रामेश्वरमला येणारा क्रमांक ८७ पांबनचा पूल ओलांडून बेटावर उतरतो आणि बेटाच्या शेपटाकडे जाऊ लागतो. डावीकडे बंगालचा उपसागर, उजवीकडे मन्नारचे आखात आणि मधे वाळूची अरुंद पट्टी, असे करत तो अरिचलमुनै येथे एका वर्तुळाशी थांबतो. वर्तुळाच्या मध्ये अशोकस्तंभ आहे. गाड्या त्याला वळसा घालून आल्या वाटेने परततात, कारण दुसरी वाटच नाही. १९६४ च्या डिसेंबरमधील चक्रीवादळाने हे गाव उद्ध्वस्त केले. स्टेशनाचे आणि चर्चचे पडके अवशेष अजून वाळूत उभे आहेत. पुढे अनेक दशके तिथे पक्का रस्ता नव्हता. आजचा रस्ता २०१७ मध्ये खुला झाला. बांधणाऱ्यांनी तिथे काहीही मोठे उभारले नाही. वाहनाला सहज वळता येईल एवढे वर्तुळ आखले, मधे एक स्तंभ ठेवला आणि ते थांबले. रस्ता कसा संपवावा हे शिकवायचे असते तेव्हा मी हेच उदाहरण देतो.

परदेशातील नमुने तू बरेच गोळा केले आहेस, पण त्यांतले दोनच ठेव. अमेरिकेचा यूएस १ हा रस्ता मेन राज्यातील फोर्ट केंट येथे, कॅनडाच्या हद्दीशी, सुरू होतो आणि फ्लोरिडातील की वेस्ट या बेटावर दोन साध्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर संपतो. तिथे ‘मैल शून्य’ अशी हिरवी पाटी आहे आणि लोक तिच्यासोबत छायाचित्र काढायला थांबतात. रूट ६६ ची गंमत याहून वेगळी आहे. शिकागोहून निघणारा हा रस्ता कागदावर सांता मोनिकात समुद्रापासून काही अंतर अलीकडेच एका सामान्य चौकात संपत असे, पण प्रवाशांना शेवट समुद्रावरच हवा होता, म्हणून पुढे धक्क्यावर पाटी लागली आणि आज सारे जण तोच शेवट मानतात. १९८५ मध्ये तो रस्ता महामार्गांच्या यादीतूनही काढला गेला. पाटीला त्याचे काही सोयरसुतक नाही. खूण थोडी चुकीच्या जागी असली तरी लोक ती स्वीकारतात, खूणच नसली तर मात्र ठिकाण विसरतात, एवढे यातून घ्यायला हरकत नाही.

आता ज्या निराशेबद्दल तू खरोखर लिहायला हवेस, ती आपल्या जिल्ह्यातच आहे. समृद्धी महामार्गाचे नाव घेताना सर्वजण मुंबई-नागपूर म्हणतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघतो आणि मुंबईला न पोचता भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसाऱ्याच्या डोंगरातून जाणाऱ्या जवळपास ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे घाट उतरण्याचा त्रास वाचला, हे मोठेच काम आहे. परंतु १२० च्या वेगाने आलेला गाडीवाला आमण्याला उतरून वडप्याला नाशिक रस्त्याला लागतो आणि तिथून ठाण्यातल्या माजिवड्यापर्यंत गोदामांच्या ट्रकांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहतो. बोगद्यात वाचवलेली मिनिटे तो इथे परत देतो. या ठिकाणाचा दोष कमान नसण्यात नाही. महामार्ग आपली वाहने दुसऱ्या रस्त्याच्या हवाली करतो तेव्हा घेणारा रस्ता तयार आहे का, हा प्रश्न इथे आधी विचारायला हवा होता. माजिवडा ते वडपे रुंदीकरण त्यासाठीच हाती घेतले गेले, पण रस्ता आधी आला आणि त्याला झेलणारा रस्ता मागून.

कळंबोलीचेही असेच आहे, फक्त तिथे जास्त जुने आणि जास्त रंगतदार. देशातला पहिला सहापदरी, प्रवेशनियंत्रित काँक्रीट द्रुतगती मार्ग म्हणून ज्याची कीर्ती झाली, तो ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे मार्ग २००२ पासून पूर्ण वापरात आहे. तो मुंबईत सुरू होत नाही आणि पुण्यात संपतही नाही; एक टोक कळंबोलीला, दुसरे देहूरोडजवळ किवळ्याला. कळंबोलीच्या सर्कलवर एकदा सकाळी लवकर उभी राहा. सायनहून येणाऱ्या गाड्या, मुंब्रा-शिळफाट्याकडून उतरणारे ट्रक, जेएनपीटी बंदरातून आलेले कंटेनर, पनवेलच्या बाजूची वाहने, द्रुतगती मार्गावरून परतणाऱ्या बस, आणि या सगळ्यांच्या मधूनच लोखंड बाजारात शिरण्यासाठी वळण घेणारा, पोलादाची भली मोठी गुंडाळी साखळदंडांनी बांधलेला एखादा ट्रेलर, असे दृश्य दिसेल. ट्रेलर वळेपर्यंत सगळे थांबतात. तिथेच पुण्याच्या बससाठी बॅगा घेऊन थांबलेली तरुण मुले फोनवर सांगत असतात, ‘मॅकडोनाल्डपाशी उभा आहे’. इतक्या नामांकित मार्गाच्या आरंभाची जनमान्य खूण एक खाण्याचे दुकान आहे, यावर हसायचे असेल तर हस, पण लिहिताना ती नोंद गाळू नकोस. घोडबंदर रस्त्याचे पश्चिमेकडचे टोक ‘फाउंटन’ नावाने ओळखले जाते, तेही एका हॉटेलमुळे. आणि आपल्याकडे पूर्व द्रुतगती महामार्ग नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज अशा कारखान्यांच्या नावांमधून जात जात केव्हा नाशिक रस्ता होतो, हे ठाण्यात जन्म गेलेल्यांनाही सांगता येत नाही.

अटल सेतूबद्दल थोडक्यात. २१.८ किलोमीटरपैकी १६.५ समुद्रावरून, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन. आणि इतके करून तो उरण तालुक्यात चिर्ल्याला कंटेनरच्या रहदारीत उतरतो. पुलाच्या मधल्या भागावर तू चार परिच्छेद लिहिले आहेस. ते सगळे काढ, तुझा विषय चिर्ले आहे.

मग पळस्प्याला काय पाहायचे? भाद्रपदातल्या चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन रात्री तिथे जा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले चाकरमानी त्याच फाट्यावरून कोकणाच्या वाटेला लागतात आणि त्या काळात अवजड वाहनांना गोवा रस्त्यावर बंदी असते, म्हणून नेहमीचे कंटेनर बाजूला दिसतात आणि टपावर सामान बांधलेल्या गाड्यांची रांग पुढे सरकते. चहाच्या टपरीवर थांबणाऱ्यांच्या तोंडी एकच चौकशी असते, वडखळपर्यंत रस्ता कसा आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकभराहून अधिक रेंगाळले, त्यामुळे या चौकशीला इतिहास आहे. तू गेलीस त्या दुपारी तो फाटा रिकामा नव्हता, तू त्याच्या चुकीच्या दिवशी गेली होतीस.

खुणेचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, आणि तूही सोडू नकोस. ब्रिटिशांनी मुंबईतील मैलाचे दगड फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल हे शून्य धरून रोमन आकड्यांत कोरले. त्यांतले काही आजही पदपथांवर सापडतात. नागपूरला झिरो माइलचा वालुकाश्मी स्तंभ १९०७ पासून आहे; त्याभोवतीचे चार घोडे नंतरचे. म्हणजे खुणा उभारणे आपल्या राज्याला नवीन नाही. पळस्प्याला पिवळ्या डोक्याचा एक दगड, त्यावर ‘६६’, ‘०’ आणि ‘कन्याकुमारी’ एवढीच अक्षरे, याला कोटींचा खर्च येत नाही. उड्डाणपुलांच्या खांबांवर फ्लेमिंगो रंगवणाऱ्या शहराने हे मनावर घ्यावे, अशी सूचना तू लेखात जरूर कर. फक्त ती आमणे-कळंबोलीच्या तक्रारीत मिसळू नकोस, कारण तिथला प्रश्न दगडाने सुटणारा नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुझ्याकडे दुचाकी आहे; ती द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर आणि अटल सेतूवर चालत नाही, तेव्हा आमण्याला पडघ्याच्या बाजूने आणि चिर्ल्याला उरण रस्त्याने जावे लागेल. छायाचित्रासाठी रस्त्याच्या कडेला उभी राहू नकोस, बाहेर पडणाऱ्या वळणांवर तर मुळीच नाही. अशा ठिकाणी चालकाचे लक्ष फलकावर असते, माणसावर नसते. शक्यतो सोबत कुणाला तरी घेऊन जा.

खर्डा पुन्हा लिहिशील तेव्हा प्रत्येक ठिकाणाखाली त्याची अधिसूचनेतील व्याख्या मराठीत लिहून पाठव. चतुर्थीनंतर आलीस तरी चालेल. जुने नकाशे माळ्यावरून काढून ठेवतो.

कळावे, आशीर्वाद.

तुझे सर