इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स कशी टाकायची? आणि नंतर अपडेट कशी ठेवायची?

नेट असलेल्या मशीनवर व्हीएस कोडमध्ये (मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर) एक्स्टेन्शनवर, म्हणजे त्यात जोडायच्या जास्तीच्या सोयीवर, राइट क्लिक, 'डाउनलोड व्हीएसआयएक्स'. व्हीएसआयएक्स म्हणजे एक्स्टेन्शनची इन्स्टॉल करायची फाइल. फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तिकडे एक्स्टेन्शन्सच्या पट्टीवर तीन टिंबं असतात, त्यातून 'इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स'. एवढंच हवं असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

पण खाली एकाने तुम्हाला 'मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, दोन मिनिटांचं काम आहे' असं सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य आमच्या जुन्या टीम लीडच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत कोणी म्हटलं तरी उठून बसेन.

चाकणच्या एका कारखान्यात आमचा टेस्ट बेंच, म्हणजे माल तपासायची यंत्रणा, होता. त्याचा पीसी विंडोज 7 वर. का, तर सेन्सरचे आकडे ज्या कार्डवरून येतात त्याचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजवर चालत नाही, आणि नवं कार्ड घ्यायला कस्टमर तयार नाही. सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमध्ये. बदल करायचा तर तिथेच बसून, तोही शटडाऊनच्या रविवारी. मोबाइल गेटवरच लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे हॉटस्पॉटचा विषयच संपला. पेनड्राइव्हची रजिस्टरात नोंद, मग वेगळ्या पीसीवर स्कॅन, मग आत.

लीडसरांनी पेनड्राइव्ह स्वतः भरून दिला होता. "सगळं टाकलंय, जाऊन फक्त इन्स्टॉल करा." मी आणि एक ज्युनियर गेलो. पहिलीच फाइल टाकली आणि कोपऱ्यात निरोप: हे एक्स्टेन्शन व्हीएस कोडच्या या व्हर्जनशी कंपॅटिबल नाही. नसणारच. विंडोज 7 वर चालणारं शेवटचं व्हीएस कोड म्हणजे 1.70.3, साल 2022. सरांनी आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवरून सगळ्यात ताज्या फाइली उचलल्या होत्या.

हे घरून निघण्याआधी तपासता येतं. व्हीएसआयएक्स ही साधी झिप फाइल असते. कॉपीचं नाव बदलून झिप करा, उघडा, आत 'एक्स्टेन्शन' नावाचा फोल्डर, त्यात पॅकेज डॉट जेसन. त्यात 'इंजिन्स' शोधा. त्याखाली व्हीएस कोडचं किमान व्हर्जन लिहिलेलं असतं, आकड्याच्या आधी टोपीसारखं चिन्ह (^) असतं. तो आकडा तुमच्या मशीनवरच्या व्हर्जनपेक्षा मोठा असेल तर ती फाइल नेऊ नका. डाउनलोडच्याच मेन्यूत ठरावीक व्हर्जन निवडायची सोय आहे, तिथून जुनी घ्या. आमचा ज्युनियर म्हणाला, "सर, तो आकडाच बदलून टाकू की." पोरगा हुशार आहे, पण हे करू नका. इन्स्टॉल होईलही, मग ऐन कामात कुठलं तरी फंक्शन सापडत नाही म्हणून आडवं पडेल आणि तुम्ही दोष स्वतःच्या कोडमध्ये शोधत बसाल.

समजा, व्हर्जनही जुळलं. तरी क्लँगडीसारख्या, सी प्लस प्लसचा कोड वाचून चुका आणि सूचना दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये खरं काम करणारा प्रोग्रॅम नसतोच. तो मशीनवर सापडला नाही की एक्स्टेन्शन विचारतं, डाउनलोड करू का? म्हणजे वरात दारात आणि नवरदेव अजून मोशीच्या ट्रॅफिकमध्ये. 'इन्स्टॉल'चं बटण दाबा नाहीतर दाबू नका, नेटच नाही म्हटल्यावर फरक काय पडतो? सरांच्या पेनड्राइव्हवर हा प्रोग्रॅम नव्हता. माझ्या पेनड्राइव्हवर होता, कारण मी माझा वेगळा भरून, गेटवर त्याचीही नोंद करून आणला होता. प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये ठेवला, सेटिंगमध्ये त्याचा पाथ दिला, जेवायच्या सुट्टीआधी काम सुरू.

आणि सोमवारी ऑफिसात सर सगळ्यांसमोर काय म्हणाले? "बघ, म्हटलं होतं ना, दोन मिनिटांचं काम!"

माझी पद्धत सांगतो, तुम्हाला हीच वापरायला सांगेन. व्हीएस कोडचा इन्स्टॉलर घेऊ नका, झिप घ्या. झिप सोडवलेल्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचा रिकामा फोल्डर करा. आता व्हीएस कोड पोर्टेबल झालं, म्हणजे फोल्डर उचलून कुठेही नेता येईल असं, एक्स्टेन्शन्स, सेटिंग्ज सगळं त्या डेटामध्येच जातं. नेट असलेल्या मशीनवर त्यात हवं ते भरा. मग वायफाय बंद करा, केबल काढा आणि तुमचा खरा प्रोजेक्ट उघडून तासभर काम करा. जे काही गुपचूप नेटवरून आणायचं राहिलंय ते इथेच ओरडेल. ओरडलं नाही तर अख्खा फोल्डर उचलून न्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात, कारण ती करायला वेळ लागतो आणि वेळ लागला की साहेबांना वाटतं पोरगं टाइमपास करतंय.

अपडेटचं म्हणाल तर ठेवू नका. विंडोज-लिनक्सवर पोर्टेबल व्हीएस कोड स्वतःहून अपडेट होतही नाही, आणि मला विचाराल तर तो त्याचा सगळ्यात चांगला गुण आहे. अडचण आली किंवा सुरक्षेची मोठी दुरुस्ती निघाली, तरच घरी नवा फोल्डर तयार करा, वायफाय बंद करून तपासा आणि जुना फोल्डर न पुसता शेजारी ठेवा.

सरांचा दुसरा लाडका मुद्दा, 'नेटच नाही तर व्हायरस येतो कुठून, कशाला ती स्कॅनिंगची नाटकं?' 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्रॅम इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजपर्यंत पोचला, आणि ती यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती. तो पेनड्राइव्हवरून पसरत होता. म्हणून गेटवरच्या स्कॅनिंगला मी कधी नाक मुरडत नाही. आणि हॉटस्पॉट लावला तर तो एकटा पीसीच नाही, प्लांटच्या नेटवर्कवर त्याच्यासोबत जे जे आहे ते सगळं बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवता. तुमच्याकडे आयटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी 'चालेल' म्हणणारा माणूस नंतर सापडत नाही.

राहिलेलं थोडक्यात. विंडोजसाठी उतरवलेली फाइल लिनक्सला चालेलच असं नाही, सी प्लस प्लसवाल्या एक्स्टेन्शन्सना तर प्लॅटफॉर्मनुसार वेगळी फाइल असते. पायथॉनचं एक्स्टेन्शन एकटं पुरत नाही, पायलान्स (कोड तपासून सूचना देणारं) आणि डीबगर (चूक शोधायला मदत करणारं) यांच्याही फाइली घ्या. व्हीएसकोडियम (व्हीएस कोडच्याच मोकळ्या कोडवरून बनवलेला एडिटर) वापरत असाल तर मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसच्या, म्हणजे एक्स्टेन्शन्सच्या दुकानाच्या, अटी आड येतात, तिथे एक्लिप्स फाउंडेशनचं ओपन व्हीएसएक्स हे दुसरं दुकान बघा. विम हा दुसरा एडिटर वापरणारे यातल्या बऱ्याच भानगडीतून सुटतात, 2016 च्या विम 8 पासून 'पॅक' फोल्डरमध्ये ठरल्या जागी प्लगइन ठेवलं की झालं. आमच्या ऑफिसातला विमवाला हे दर चहाला ऐकवतो.

रिमोट एसएसएच, म्हणजे इथून दुसऱ्या मशीनवर जोडून तिथला कोड उघडणं, लागणार असेल तर मात्र हे पुरणार नाही. समोरच्या मशीनवर व्हीएस कोडचा सर्व्हर लागतो आणि तो तुमच्या व्हीएस कोडच्या नेमक्या बिल्डशी जुळावा लागतो. तसं असेल तर दोन्हीकडची व्हर्जन्स टाकून वेगळा प्रश्न विचारा, लिहितो.