वाचकांचे प्रश्न : संशोधनाच्या संमतीपत्रावर सह्या कोणी घ्यायच्या?

प्रश्न : मी एका शिक्षण-रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात अधिपरिचारिका आहे. मधुमेहामुळे पायाला जखमा झालेल्या रुग्णांसाठी दोन प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना करणारे संशोधन आमच्याकडे चालू आहे. राऊंड संपला की निवासी डॉक्टर संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्या हाती देतात आणि ‘सिस्टर, दुपारपर्यंत एवढ्या सह्या घेऊन ठेवा’ असे सांगून ओपीडीला जातात. परवा एका आजीबाईंनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवण्याआधी ‘हे नाही केलं तर माझी खाट जाईल का गं?’ असे विचारले. खाट जाणार नाही एवढे मी सांगू शकले. परंतु कोणते ड्रेसिंग कोणाला हे कोण ठरवते, जखम चिघळली तर पुढे काय, या त्यांच्या प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी नव्हती. हे काम माझे आहे का? नकार दिला तर वरिष्ठांची नाराजी ओढवेल, ही भीतीही आहे.
— एक अधिपरिचारिका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ज्या पद्धतीने ते आपल्यावर सोपवले जात आहे, त्या पद्धतीने हे काम आपले नाही. संमती घेण्याची जबाबदारी मुख्य संशोधकाची असते. ती त्याला दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवता येते, आणि ती व्यक्ती परिचारिकाही असू शकते. परंतु त्यासाठी तिला त्या संशोधनाची पूर्ण माहिती व प्रशिक्षण द्यावे लागते आणि संशोधनाच्या कागदपत्रांत तिचे नाव व तिच्याकडे दिलेले काम यांची लेखी नोंद असावी लागते. तशी नोंद झाली तरी अंतिम उत्तरदायित्व मुख्य संशोधकाकडेच राहते. राऊंडच्या शेवटी हातात दिलेला गठ्ठा म्हणजे अशी सोपवणूक नव्हे.

आजीबाईंच्या प्रश्नाकडे मात्र बारकाईने पाहायला हवे. त्यांच्या मनात उपचार आणि संशोधन या दोन गोष्टी वेगळ्या झालेल्याच नव्हत्या. रोज जखम धुणारी, इन्सुलिन देणारी सिस्टर कागद पुढे करते तेव्हा तो कागदही उपचाराचाच भाग असणार, असे रुग्णाने धरून चालणे स्वाभाविक आहे. आपण मागितलेली सही लवकर मिळते ती याच विश्वासामुळे, आणि हे काम आपल्याकडे येण्याचे खरे कारणही बहुधा तेच असावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असला पाहिजे, आणि नकार दिल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांत काहीही उणे होता कामा नये. ‘खाट जाईल का’ ही शंका मनात असताना उमटलेल्या अंगठ्याला ऐच्छिक म्हणता येणार नाही.

परिचारिकेवरील विश्वास संशोधनासाठी कसा वापरला जातो, याचे सर्वांत कटू उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथील आहे. तेथे 1932 पासून 1972 पर्यंत सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा त्या रोगावरचा मान्य उपचार झाला, तरी अभ्यासातील रुग्णांना तो देण्यात आला नाही. डॉक्टर बदलत गेले, पण युनिस रिव्हर्स ही परिचारिका अखेरपर्यंत या माणसांच्या संपर्कात राहिली. ती त्यांना गाडीतून तपासणीला नेई, घरच्यांची विचारपूस करी, आणि तिच्या शब्दावर ते येत राहिले. तिला एकटीला दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती स्वतःही कृष्णवर्णीय होती आणि अधिकाराच्या उतरंडीत खालच्या पायरीवर होती. तरीही तिच्याविना तो अभ्यास चाळीस वर्षे टिकला असता का, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडेही 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी) लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा खम्मममधील अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत जोडला गेला नाही. पण संमतीच्या प्रक्रियेवर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. नकाराने सुरुवात करू नका. या संशोधनाला नैतिकता समितीची (संशोधनात रुग्णांचे हित व हक्क जपले जातात का, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी कधी मिळाली आणि समितीने मान्य केलेले मराठी माहितीपत्रक कोठे आहे, हे प्रथम विचारा. पत्रकात संशोधनाचा हेतू, कोणाला कोणते ड्रेसिंग मिळणार ते ठरवण्याची पद्धत, संभाव्य त्रास, इजा झाल्यास उपचार व भरपाई आणि संपर्काचा दूरध्वनी असायला हवा. आजीबाईंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे सापडली पाहिजेत. नंतर ‘रुग्णांशी बोलताना मी हजर राहीन, मात्र संशोधनाची माहिती आपण स्वतः द्यावी’ असे निवासी डॉक्टरांना सांगा. ज्या रुग्णांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी संपूर्ण संभाषणाच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. तो संशोधनाशी संबंध नसलेला हवा, म्हणून त्याच वॉर्डातील कर्मचाऱ्याला साक्षीदार करणे योग्य नाही. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती केस पेपरला टाचलेलीच राहते.

एवढ्याने भागले नाही, तर अधिसेविकांना (मेट्रनना) लेखी कळवा. पत्रात कोणावर आरोप नको. ‘या कामासाठी मला प्रशिक्षण मिळालेले नाही, तरी ते द्यावे अथवा काम संशोधकांकडे द्यावे’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे, आणि वरिष्ठांना ते फेटाळणेही अवघड जाते. तरीही दबाव राहिला, तर नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवांकडे जाण्याचा मार्ग परिचारिकेलाही खुला आहे. आधी घेतलेल्या सह्यांबाबत त्या रुग्णांशी संशोधकांनी पुन्हा बोलावे, असाही आग्रह धरा.

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी माझ्याच वॉर्डातील रुग्णांकडून नावाविना प्रश्नावली भरून घेणार आहे. यालाही नैतिकता समितीची मंजुरी लागते का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : होय. जोखीम नगण्य असल्यास समिती पूर्ण बैठकीऐवजी लवकर निर्णय देऊ शकते किंवा परीक्षणातून सूटही देऊ शकते, मात्र ते समितीने ठरवायचे असते. आपण किंवा आपल्या मार्गदर्शकांनी नव्हे. मंजुरीपूर्वी एकही प्रश्नावली भरून घेऊ नका, कारण मागाहून मंजुरी मिळत नाही. रुग्ण आपल्याच देखरेखीखाली असल्यामुळे विचारणा दुसऱ्या वॉर्डातील सहकारी करील आणि भरलेल्या प्रश्नावल्या बंद पेटीत टाकल्या जातील, अशी व्यवस्था प्रस्तावातच लिहा.