वाचकांचे प्रश्न : संगणक चालतो, पण आवाज येत नाही

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात वेगळे साउंड कार्ड नाही; मदरबोर्डवरच्या ऑडिओवरच चार वर्षे काम व्यवस्थित चालले होते. गेल्या महिन्यात मॉनिटर बदलला आणि नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला. त्यानंतर स्पीकरमधून आवाज येईनासा झाला. स्पीकर मागच्या हिरव्या जॅकमध्येच लावलेले आहेत आणि मोबाइलला जोडल्यावर ते उत्तम वाजतात. आवाजाच्या चिन्हावर फुली नाही, आवाज पूर्ण वाढवलेला आहे. विंडोज दोन वेळा नव्याने टाकून पाहिली, तरी फरक पडला नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : एवढ्यात मानू नये. मदरबोर्डवरील ऑडिओचा भाग कधी कधी खरोखर जळतो, हे खरे आहे. परंतु आपला आवाज मॉनिटर बदलल्यापासून गेला, आणि या एका तपशिलाकडे दुर्लक्ष करून मदरबोर्ड काढायला निघणे घाईचे होईल.

एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर ध्वनीही जातो. त्यामुळे असा मॉनिटर जोडला, की विंडोजच्या दृष्टीने संगणकाला आवाज बाहेर पाठवण्याचे आणखी एक साधन मिळते, आणि पुष्कळदा विंडोज त्यालाच मुख्य साधन ठरवते. मॉनिटरमध्ये स्पीकर नसले, तर आवाज केबलमधून तिथवर पोहोचतो आणि तिथेच संपतो. आवाज वाढवणारी पट्टी, चिन्ह, गाणे वाजवणारा प्रोग्रॅम हे सगळे आपापले काम बरोबर करत असतात, म्हणून कुठेही चूक दिसत नाही. विंडोज नव्याने टाकून उपयोग का झाला नाही, याचे उत्तरही यातच आहे : प्रत्येक वेळी मॉनिटर जोडलेलाच होता, त्यामुळे नव्या विंडोजने पुन्हा तीच निवड केली असावी.

खात्री करण्यासाठी विंडोजचे बटण आणि आर ही कळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत रोमन लिपीत एमएमएसवायएस डॉट सीपीएल असे टाइप करून एंटर दाबावे. ध्वनीची जुनी खिडकी उघडते. सेटिंग्जच्या नव्या पानापेक्षा शोधासाठी मला ही खिडकी अधिक उपयोगी वाटते, कारण तिच्या प्लेबॅक या भागात प्रत्येक साधनासमोर एक उभी पट्टी असते आणि त्या साधनाकडे ध्वनी जाऊ लागला, की ती हिरवी होऊन वरखाली हलते. एखादे गाणे चालू ठेवून या पट्ट्यांकडे पाहावे. मॉनिटरच्या नावासमोरची पट्टी हलत असेल आणि स्पीकरसमोरची स्थिर असेल, तर दोष सापडला. स्पीकरवर उजवे क्लिक करून त्याला डिफॉल्ट, म्हणजे मुख्य साधन, करावे. मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल, तर त्याला तिथेच डिसेबल करून ठेवावे.

स्पीकर त्या यादीत दिसतच नसतील, तर रिकाम्या जागेवर उजवे क्लिक करून बंद केलेली आणि न जोडलेली साधने दाखवण्याच्या दोन्ही पर्यायांवर खूण करावी. कोणी तरी पूर्वी बंद केलेले साधन अशा वेळी फिकट रंगात समोर येते.

या हिरव्या पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आवाज गेल्यावर लोक ड्रायव्हर (विंडोजला एखादे साधन चालवता यावे यासाठीचा प्रोग्रॅम), विंडोज, स्पीकर असे एकेक बदलत जातात आणि आवाज नेमका कुठपर्यंत पोहोचतो आहे हे पाहायचे राहून जाते. पट्टी एकाही साधनासमोर हलत नसेल, तर अडचण त्याआधीची आहे : प्रोग्रॅमचा स्वतःचा आवाज बंद असेल, व्हॉल्यूम मिक्सरमध्ये तो शून्यावर असेल, किंवा विंडोज ऑडिओ ही सर्व्हिस थांबलेली असेल. एक प्रोग्रॅम बोलतो आणि दुसरा गप्प राहतो, असा अनुभव येत असेल तर हेही लक्षात ठेवावे, की २०१८ च्या एप्रिलमधील आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळे साधन निवडता येते आणि ही निवड विसरली जाते. याउलट स्पीकरसमोरची पट्टी हलत असूनही कानाला काही ऐकू येत नसेल, तर विंडोजने आवाज त्या साधनाच्या हवाली केला आहे आणि शोध त्यापुढे, म्हणजे ड्रायव्हर, ऑडिओची चिप, जॅक, वायर आणि स्पीकर या टप्प्यांत करायचा आहे. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये.

जॅकच्या बाबतीत रंगांवर विसंबता येते. फिकट हिरवा स्पीकर किंवा हेडफोनसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि निळा बाहेरून ध्वनी आत घेण्यासाठी असतो. हे रंग इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेतून रूढ झाले. संगणक टेबलाखाली असला, की हाताने चाचपून पिन लावली जाते आणि ती शेजारच्या निळ्या जॅकमध्ये जाते, ही चूक फार सहज होते; टॉर्च लावून एकदा डोळ्यांनी पाहावे.

स्पीकर कोणत्याच प्रकारे यादीत येत नसतील, तर संगणकातील भागांची यादी दाखवणारा विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडावा. मदरबोर्डवरील ऑडिओ ही एक वस्तू नसून दोन भागांची जोडी आहे. पहिला भाग कंट्रोलर, तो चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरील मुख्य चिपमध्ये) किंवा प्रोसेसरच्याच आवरणात असतो. दुसरा भाग कोडेक, म्हणजे मागच्या जॅकजवळ बसवलेली छोटी चिप. संख्यांच्या रूपातील ध्वनीचे विद्युत लहरींत रूपांतर ती करते. हे दोन भाग कसे बोलतात, याचे हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचे मानक इंटेलने २००४ मध्ये आणले आणि ते इतर कंपन्यांच्या मदरबोर्डवरही वापरले जाते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलर सिस्टिम डिव्हाइसेस या गटात आणि कोडेक ध्वनीच्या गटात दिसतो. अडचण अशी, की ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयसाठीही अशीच एक जोडी असते आणि तिचे नावही हाय डेफिनिशन ऑडिओ असेच असते. त्यामुळे ध्वनीच्या गटात केवळ एनव्हीडिया, एएमडी किंवा इंटेल डिस्प्ले यांचे नाव दिसत असेल, तर ते मॉनिटरकडे जाणारे साधन आहे, आपल्या हिरव्या जॅकचे नाही, हे ओळखावे.

मदरबोर्डचा कंट्रोलरच दिसत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, ऑडिओ बंद केलेला असण्याची शक्यता मोठी. बायोसची बॅटरी बदलल्यावर किंवा बायोस अद्ययावत केल्यावर तिथली सेटिंग्ज पूर्ववत होतात, म्हणून ती पाहणे आवश्यक असते. काही बायोसमध्ये या पर्यायाला अझालिया म्हणतात; इंटेलने हे मानक तयार करताना वापरलेले ते नाव आहे.

कंट्रोलर दिसतो, पण कोडेक दिसत नाही, अशी स्थिती असेल तर एक उपाय ड्रायव्हरच्याही आधी करावा. संगणक बंद केल्यावरही वीजपुरवठा जोडलेला असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. शिवाय विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो. अडकून पडलेली चिप यामुळे तशीच अडकलेली राहू शकते. म्हणून शिफ्ट कळ दाबून ठेवून शटडाउन निवडावे, वीजेची वायर सॉकेटमधून काढावी, पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, काही मिनिटे थांबावे आणि मग संगणक सुरू करावा. या साध्या उपायाने परत आलेले आवाज मी पाहिले आहेत, म्हणून तो आग्रहाने सांगतो.

ड्रायव्हर टाकायचा झाल्यास मदरबोर्डच्या उत्पादकाच्या पानावरून, मॉडेलचे पूर्ण नाव पाहून घ्यावा. आपोआप ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये. मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. उत्पादकाचा ड्रायव्हर बिघडल्याची शंका आली, तर तात्पुरता तो लावून पाहता येतो. त्याने आवाज आला, तर चिप शाबूत आहे याचा तो पुरावाच समजावा.

प्रश्न : कॅबिनेट बदलल्यापासून पुढच्या हेडफोन जॅकमधून आवाज येत नाही, मागच्या जॅकमधून येतो. पुढचा जॅकच खराब असेल का?

उत्तर : नव्या कॅबिनेटचा जॅक खराब असण्यापेक्षा आतली वायर नीट न बसण्याचा संभव अधिक आहे. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डच्या खालच्या कडेला, बहुधा डाव्या कोपऱ्यात असलेल्या पिनांवर बसते. तिथे एफ ऑडिओ, एएएफपी किंवा जेएयूडी अशा अर्थाची अक्षरे छापलेली असतात. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी आणि त्यांतील एक पिन गाळलेली, अशी त्याची रचना असते. यूएसबीच्या जोडणीतही नऊच पिना असतात, पण तिची गाळलेली पिन टोकाला असते आणि ऑडिओची टोकाच्या एक जागा अलीकडे. त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यावर सरळ बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये. संगणक बंद करून, वीजेची वायर काढून मगच हात घालावा.

वायर योग्य जागी असूनही आवाज येत नसेल, तर प्लगवर काय लिहिले आहे ते पाहावे. काही कॅबिनेटच्या वायरला दोन प्लग असतात : एकावर एचडी ऑडिओ, दुसऱ्यावर एसी ९७. एसी ९७ हे इंटेलचे १९९७ सालचे आधीचे मानक. आजच्या मदरबोर्डवर एचडी ऑडिओचाच प्लग लावावा. फरक पिन लावल्याचे ओळखण्यात आहे. नव्या पद्धतीत प्रत्येक जॅकमध्ये एक छोटा स्विच आणि ठरावीक रोध असतो, ५.१, १०, २० आणि ३९.२ किलोओहम हे ते रोध होत. पिन आत गेली, की एकाच वायरवरील रोध मोजून चिप कोणता जॅक भरला हे ओळखते. जुन्या पद्धतीच्या जोडणीतून चिपला ही माहिती मिळत नाही, त्यामुळे पिन लावलेली असूनही तिच्या लेखी जॅक रिकामा राहतो आणि ती आवाज पाठवत नाही. आपल्याकडे केवळ एसी ९७ चा प्लग असेल, तर बायोसमध्ये पुढच्या पॅनेलचा प्रकार बदलावा, किंवा रियलटेक या कोडेक बनवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण खिडकीत पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा.

आणखी जुन्या, एसी ९७ च्याच मदरबोर्डची गोष्ट वेगळी आहे. त्यात मागच्या जॅकचा आवाज पुढच्या जॅकमधून फिरून येतो. पुढची वायर काढली असेल, तर ५ व ६ आणि ९ व १० या पिनांच्या जोड्यांवर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावावे लागतात. ते हरवले, की मागचा जॅकही मुका होतो.

प्रश्न : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स आहे. विंडोजमध्ये आवाज येतो, लिनक्समध्ये येत नाही.

उत्तर : विंडोजमध्ये आवाज येतो म्हणजे चिप, जॅक आणि स्पीकर ठीक आहेत, अर्धे काम झाले. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम चालवावा आणि एफ ६ दाबून योग्य कार्ड निवडावे, कारण एचडीएमआयचे कार्ड पुष्कळदा पहिल्या क्रमांकावर येते. उभ्या पट्टीखाली एम एम अशी अक्षरे दिसली, तर तो मार्ग म्यूट आहे. एम दाबल्यावर तिथे शून्ये दिसू लागतात. ऑटो म्यूट मोड नावाचा पर्यायही पाहावा. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन आहे असे चिपला वाटत राहिले, तर तो चालू असताना मागचे स्पीकर गप्प बसतात.

आवाजाच्या सेटिंगमध्ये केवळ डमी आउटपुट दिसत असेल, तर लिनक्सला कार्डच सापडलेले नाही. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये यासाठी साउंड ओपन फर्मवेअर हे पॅकेज लागू शकते. ते बसवून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोजमधून थेट लिनक्समध्ये गेल्यावरच आवाज जात असेल, तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावे.

प्रश्न : चिप खरोखर जळली आहे, हे घरच्या घरी कसे ठरवावे?

उत्तर : पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे, त्यासाठी डिस्कवर काही बसवावे लागत नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत, वीज पूर्ण काढून पाहिल्यानंतरही आणि बायोसमध्ये ऑडिओ सुरू असतानाही कोडेक दिसत नसेल, तर तो निकामी झाला असे धरायला हरकत नाही. कोडेक दिसतो, पट्टी हलते, पण मागच्या आणि पुढच्या दोन्ही जॅकमध्ये चांगल्या हेडफोनलाही काही ऐकू येत नाही, ही स्थितीही त्याच निष्कर्षाकडे नेते. संगणक सुरू होताना येणारा बीप मात्र पुरावा म्हणून धरू नये. मदरबोर्डवरील लहान बझरचा तो आवाज कोडेकमधून येत नाही.

तरीही मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा ऑडिओ अॅडॉप्टर किंवा मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये बसणारे साउंड कार्ड हे काम पूर्णपणे उचलते. यूएसबी अॅडॉप्टरमध्ये स्वतःचा कोडेक असतो आणि बहुतेक अॅडॉप्टर विंडोज, लिनक्स व मॅक यांवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. तो लावल्यानंतर बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डचा ऑडिओ बंद करून टाकावा, म्हणजे विंडोज पुन्हा त्या मुक्या चिपची निवड करणार नाही.